येऊ बहुतेक

"अहो, डावीकडे की उजवीकडे?" कमलने विचारलं.

चेंबूरच्या त्यांच्या गल्लीतून गाडी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी येऊन थांबली होती. मागे एक रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढायला तयार नव्हता. मागच्या सीटवर पेढ्यांचे डबे आणि होणाऱ्या सुनेची, माधुरीची, साडी होती, कमलच्या पर्समध्ये दोन अंगठ्या होत्या आणि अकरा वाजता चारकोपच्या एका हॉलमध्ये त्यांच्या मुलाचा, केतनचा, साखरपुडा होता.

"तसं उजवीकडे," शेजारी बसलेले शिवदास मेश्राम म्हणाले. "पण डावीकडूनही जाता येईल. पुढे यू-टर्न असेल बहुतेक."

कमलला लायसन्स मिळून तीन महिने झाले होते. उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या बस, टँकर आणि टेम्पोंच्या मधून आडवं जायचं. डावीकडे नुसतं वाहत जायचं. नवऱ्याने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्यावर कुठलाही शहाणा माणूस सोपी वाट धरेल. कमल डावीकडे वळली.

शिवदासांची सगळी नोकरी एका सरकारी कार्यालयात गेली होती. तिथे 'हो' म्हटलं की काम अंगावर येतं आणि 'नाही' म्हटलं की तक्रार येते, म्हणून त्यांनी 'बघू'वर संसार उभा केला. निवृत्त झाल्यावर टेबल सुटलं, शब्द घरी आले. "पोळी वाढू का?" "बघू." "डॉक्टरकडे जायचं ना?" "जाऊ, तसं काही वाटलं तर."

कमलचं याच्या बरोबर उलटं होतं. ती प्रसूतिगृहात सिस्टर होती. 'बहुतेक मुलगी झाली' असं ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती. तिथे तिचा आवाज ऐकून नवे डॉक्टरही खुर्चीतून उठायचे. पण गाडी शिकायला लागल्यापासून तिचा तो आवाज स्टिअरिंगला हात लावताच कुठेतरी जायचा. "मी बरी चालवते ना?" असं तिने पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा शिवदास म्हणाले होते, "तशी बरी चालवतेस." तो 'तशी' घासातल्या खड्यासारखा तिच्या दाताखाली राहून गेला होता. म्हणून तर आज सगळे नातेवाईक मोठ्या गाडीने पुढे गेले तरी ती हट्टाने आपली गाडी घेऊन निघाली होती. विहीणबाईंच्या दारात स्वतः गाडी चालवत जायचं, असं तिने ठरवलं होतं.

"यू-टर्न कुठाय?" कमलने विचारलं.

"येईल. त्या बसच्या पुढे असावा."

"मोबाईलवर नकाशा लावा ना."

"त्या मोबाईलमधल्या बाईपेक्षा मला जास्त रस्ते माहीत आहेत गं."

बसच्या पुढे उड्डाणपूल आला. "वरून की खालून?" कमल जवळजवळ ओरडलीच.

"वरूनही चालेल."

यू-टर्न पुलाखाली होता. तो त्यांनी वरून पाहिला, अगदी स्पष्ट. पूल उतरला तेव्हा मानखुर्द आलं होतं.

"अहो, हे मानखुर्द आहे!"

"तसं वाटतंय खरं."

"तसं वाटतंय म्हणजे? पाटी आहे समोर!"

तेवढ्यात केतनचा फोन आला. तो सकाळपासून हॉलवर होता. "पप्पा, कुठे पोहोचलात?"

"पोहोचतोच आहोत," शिवदास म्हणाले. मुंबईत हे वाक्य लोक आंघोळीला जातानाही बोलतात, त्यामुळे यात आपण खोटं बोललो असं त्यांना मुळीच वाटलं नाही. पण केतनने ते मोठ्याने सगळ्यांना सांगितलं. चारकोपला मुलीची मावशी फुलं घेऊन गेटवर जाऊन उभी राहिली. स्वयंपाक्याने वड्यांसाठी कढई चढवली. साखरपुड्याचा विधी करायला आलेल्या बौद्धाचार्यांनी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढच्या मेणबत्त्या सरळ केल्या आणि घड्याळ पाहिलं. त्यांना इथून मुलुंडला दुसऱ्या कार्यक्रमाला जायचं होतं.

इकडे मेश्रामांची गाडी वाशीच्या खाडीपुलावर चढली होती.

पुलावर यू-टर्न नसतो. डावीकडे कंटेनर, उजवीकडे कंटेनर, खाली पाणी. कमलने स्टिअरिंग इतकं घट्ट धरलं होतं की बांगड्या वाजायच्या थांबल्या. शिवदास खिडकीवरच्या कडीला लटकले होते. 

फोन पुन्हा वाजला. या वेळी मुलीची आई, प्रेमाताई. या बाईंचं आणि शिवदासांचं वर्षभर एकाच मुद्द्यावर चालू होतं. लग्नाची तारीख. प्रेमाताई "तुम्ही सांगा" म्हणायच्या, शिवदास "बघू" म्हणायचे. प्रेमाताई शाळेत गणित शिकवायच्या. त्यांना 'बघू' हे उत्तर मान्य नव्हतं.

"दादा, मावशी गेटवर उभी राहून दमली. येताय ना?"

शेजारून कंटेनर भोंगा वाजवत गेला. शिवदासांच्या तोंडातून सवयीने बाहेर पडलं, "येऊ... बहुतेक."

 पलीकडून फोन बंद झाला.

"काय म्हणालात तुम्ही?" कमल म्हणाली.

"कुठे काय?"

"साखरपुड्याला येऊ बहुतेक? मुलाच्या बापाने?"

आपण काय म्हणालो ते शिवदासांना आता ऐकू आलं.  हॉलमध्ये काय झालं असेल ते सांगायला कुणाची गरज नव्हती. मिनिटाभरात केतनचा मेसेज आला: 'पप्पा, इथे सगळे म्हणतायत तुम्हाला लग्न मान्य नाही. माधुरी रडतेय. तिच्या आजीने विचारलं, तू तरी आहेस का रे नक्की? काय चाललंय?'

पूल संपला. कमलने पहिला पेट्रोल पंप दिसताच गाडी आत घेतली.

"किती भरू, मॅडम?" पंपावरच्या मुलीने विचारलं.

"बघू, म्हणजे..." शिवदास सुरू झाले.

"टाकी फुल," कमल म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून हात पुढे केला. "फोन द्या."

तो आवाज शिवदासांनी ओळखला. केतनच्या जन्माच्या वेळी ते प्रसूतिगृहाच्या बाकावर बसले होते, तेव्हा आतून कमलचाच आवाज बाहेर आला होता. ती स्वतःच्या बाळंतपणात नर्सेसना सूचना देत होती. त्यांनी मुकाट्याने फोन दिला.

"प्रेमाताई, मी कमल. आम्ही वाशीला आहोत. रस्ता चुकलो. अंगठ्या माझ्या पर्समध्ये आहेत. माधुरी आम्हाला पसंत आहे, ह्यांनाही आहे, ह्यांना ते बोलता येत नाही एवढंच. मला पोहोचायला दोन तास लागतील. मावशींना बसवा, वडे आता तळू नका. आणि माधुरीला सांगा डोळे पूस, फोटो खराब येतील."

 पलीकडून प्रेमाताईंचा आवाज आला, "वाशीला? ताई, वाशीला कशाला गेलात?"

"ते मी आल्यावर सांगते. तुम्हाला हसू येईल. आता नको, मला गाडी चालवायचीय."

तिने फोन शिवदासांकडे दिला. "नकाशा लावा. ती बाई निदान नक्की काय ते सांगते. आणि तुम्ही फक्त दोन शब्द बोलायचे, डावीकडे आणि उजवीकडे. तिसरा शब्द निघाला तर मानखुर्दला उतरवून रिक्षात बसवेन."

"बघ, तसं..."

कमलने नुसतं पाहिलं.

"बरं," शिवदास म्हणाले. हा तिसरा शब्द होता, पण चालवून घेतला गेला.

परतीच्या वाटेवर पुलावर तेच कंटेनर होते, किंवा त्यांचे भाऊबंद असतील. कमलने आपली लेन धरली आणि सोडली नाही. एकाने मागून भोंगा वाजवला तेव्हा ती आरशात बघून म्हणाली, "वाजव रे बाबा, मी इथेच आहे." शिवदास "उजवीकडे" म्हणाले तेव्हा ती उजवीकडे वळली, टँकर आणि टेम्पोंच्या नाकासमोरून, आणि सगळे थांबले. थांबतात, हे तिला तेव्हा कळलं.

चेंबूरला त्यांच्याच गल्लीजवळच्या सिग्नलला गाडी थांबली. रस्ता ओलांडणारा इस्त्रीवाला काचेशी वाकला. "अरे वा, मेश्रामसाहेब! झाला पण साखरपुडा?"

शिवदासांनी कमलकडे पाहिलं. मग सांगितलं, "नाही. आता निघालोय."

ते चारकोपला पोहोचले तेव्हा गेटवर मावशी, केतन, केतनचे दोन मित्र आणि वॉचमन असे सगळे उभे होते. आत एकच जागा होती, एक मोठी गाडी आणि भिंत यांच्या मधली. "येऊ द्या, येऊ द्या," "मम्मी, डावीकडे काप," "मॅडम, रिव्हर्स," "बस, बस, बस," असे चार आवाज एकदम सुरू झाले. कमलने काच वर केली. गाडी मागे घेतली, एकदा पुढे, पुन्हा मागे, आणि बसवली. मावशीने हातातली सगळी फुलं तिथेच उधळली.

हॉलमध्ये शिरताच कमलने आधी माधुरीला जवळ घेतलं. बौद्धाचार्य अजून तिथेच होते. "सर, तुमचा मुलुंडचा कार्यक्रम?" तिने अपराधीपणे विचारलं.

"त्यांना संध्याकाळी येतो म्हणून कळवलं," ते म्हणाले. "तुम्हीही पुन्हा 'पोहोचतोच' म्हणाला असतात तर मी गेलो असतो. तुम्ही म्हणालात, वाशीला आहोत. मुंबईत स्वतः जिथे आहे ती जागा खरी सांगणारा माणूस मला आजवर भेटला नव्हता. म्हटलं, बघून तरी जाऊ."

त्रिशरण, पंचशील झालं. अंगठ्या घातल्या गेल्या. वडे गरम होते. कमलने वाशीची हकिगत सांगितली तेव्हा माधुरीची द्रौपदी आजी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. शिवदास मान खाली घालून वडा खात होते.

हसणं ओसरल्यावर प्रेमाताई त्यांच्यासमोर येऊन बसल्या.  केतनने डोळे मिटून घेतले.

"दादा, रागावू नका. पण लग्नाची तारीख?"

शिवदासांनी वडा खाली ठेवला. हात पुसले. "डिसेंबरचा दुसरा रविवार," ते म्हणाले.

"पप्पा, तेव्हा हॉल मिळेल?" केतन चाचरला.

"मिळेल. नाही मिळाला तर मैदानात मांडव घालू. पण त्याच दिवशी."

 वर्षभर तयार ठेवलेलं भांडण आता कुठे ठेवावं ते प्रेमाताईंना कळेना. "अजून एक वडा घ्या," त्या शेवटी म्हणाल्या.

"नको," शिवदास म्हणाले. "पोट भरलं."

परतताना ऊन उतरलं होतं. गाडी पवईपर्यंत आली. मग कमलला राहवेना.

"अहो, तारीख एवढी पटकन कशी सांगितलीत?"

"वाशीहून परतताना पुलावर ठरवलं होतं," शिवदास म्हणाले. "तो कंटेनर मागून अंगावर आला ना, तेव्हा. म्हटलं, यातून धड उतरलो तर कुणी काही विचारलं की सरळ सांगून टाकायचं."

"धड उतरलो तर?" कमलच्या भुवया वर गेल्या. "म्हणजे माझ्या गाडी चालवण्यावर तुमचा विश्वास नव्हता?"

"नव्हता," शिवदास म्हणाले.

इतक्या वर्षांत नवऱ्याने तिला दिलेलं हे पहिलं सरळ उत्तर होतं. त्यावर रागवावं की त्याचं कौतुक करावं, हे ठरवण्यात तिचा एक सिग्नल गेला.

"आणि आता?" तिने जरा दबकतच विचारलं.

उत्तर आलं नाही. कमलने वळून पाहिलं. शिवदासांनी सीट मागे टाकली होती, कडी सोडून दिली होती, हात पोटावर ठेवले होते, आणि विक्रोळीच्या त्या गर्दीत, ट्रकच्या भोंग्यांमध्ये, ते गाढ झोपले होते.