तळमजल्यावरचे दोन फ्लॅट

घरातल्या मुलीला सही करायला सांगितली की तिने ‘कुठे?’ एवढंच विचारायचं. ‘कशावर?’ हा प्रश्न धर्माकाकांच्या घरात आजवर कोणी विचारला नव्हता. रंभाआत्याने तर ‘कुठे?’सुद्धा विचारलं नव्हतं. भावाने बोट ठेवलं तिथे तिने सही केली आणि वाडीतला आपला वाटा सोडला. आता नवरा गेल्यावर माहेरी परतून ती भाताच्या कणग्यांशेजारच्या खोलीत राहत होती, आणि चहात दुसरा चमचा साखर घालताना अजून भावजयीकडे बघत होती.

नव्या कायद्याने बाप हयात असतानाही मुलींचा वाटा आला होता. त्यामुळे खाडीलगतची ती केळीची वाडी घ्यायला निघालेल्या बिल्डरच्या वकिलाला आता पुतणीचीही सही हवी होती.

पुतणी म्हणजे क्षितिजा. आयटी शिकलेली, वालीवच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर बिलं करायची, आणि घरी आली की घरच्या कॉम्प्युटरवरून दुसऱ्याच जगात निघून जायची. त्या ऑनलाइन जगात लोक खऱ्या पैशांनी खोटी जमीन घेत आणि तिच्यावर घरं-दुकानं काढत. क्षितिजाने आपल्या पगारातून तिथे समुद्राकाठी एक तुकडा घेतला होता. त्यावर कौलारू घर बांधून ओसरीत साड्यांचं दुकान टाकलं होतं. साड्या नेसायच्या पडद्यावरच्या बायकांनी, पण पैसे मोजणाऱ्या बायका ब्राझीलच्या, जपानच्या, खऱ्याखुऱ्या. (काहीजणी पदर डोक्याला फेट्यासारखा बांधत. क्षितिजा बोलत नसे; गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक.)

तिने हे घरात सांगायलाच नको होतं. पण एकदा जेवताना काका म्हणाले, “पोरीच्या जातीला जमीन घेऊन करायचं काय?” आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “माझ्या नावावर आहे जमीन.”

काकांचा घास हातातच राहिला. “कुठं?”

“कॉम्प्युटरमध्ये.”

“सातबारा कोनाचा?”

“माझा एकटीचा.”

“रस्ता केवढा?”

“समुद्राकाठी आहे. तिथे लोक उडतात, काका.”

“उडू देत. रेतीचा ट्रक कसा येनार?”

“समुद्राला लागून आहे म्हणते, दादा,” तिचे वडील, प्रल्हाद, काळजीने म्हणाले. “परवानगीला त्रास होईल.”

क्षितिजा हसली. तिथेच ती फसली.

शनिवारी ती कामावरून परतली तर टेबलावर पेढे होते. काकांचा मुलगा चिराग कॉम्प्युटरपुढे बसला होता, आणि त्याच्या मागे काका आणि तिचे वडील खुर्च्या टाकून. पासवर्ड कॉम्प्युटरनेच लक्षात ठेवावा, अशी सोय क्षितिजाने करून ठेवली होती. (कॉम्प्युटर सुरक्षा या विषयात तिला पहिला वर्ग होता.)

पडद्यावर तिचं घर नव्हतं. त्या जागी एक काळा मनोरा उभा होता आणि त्यावर जुगाराची पाटी गरगरत होती. पडद्यावर क्षितिजाच्या नावाने वावरणारी साडीतली बाई चिरागने पुढे नेली, तशी ती कुंपणावर आपटून समुद्रात पडली.

“काय केलंत?”

“डेव्हलपमेंटला दिली,” काका म्हणाले. “मानूस आपनहून आला. पाठीला पंख होते, पन बोलायला सरळ.”

“तोंड कोल्ह्याचं होतं,” चिराग पुटपुटला. “ताई, तो म्हणाला, ‘आधी माझ्या नावावर कर.’ मी बाबांना विचारलं.”

“बिल्डर आधी नावावर घेतोच,” काका म्हणाले.

“आणि बदल्यात?”

“तळमजल्यावर दोन फ्लॅट,” वडील कौतुकाने म्हणाले. “चिरागला एक गाळा.”

“लेखी?”

“शब्दावर,” काका म्हणाले. “मानूस तोंडावरून कळतो.”

क्षितिजा खुर्चीत बसली. एकेक कौल तिने हाताने चढवलं होतं. तक्रार करायची तर कोणाची? जमीन कोणी हिसकावली नव्हती. तिच्याच नावाने, तिच्याच घरातून, राजीखुशीने दिली गेली होती. कोल्हा आता कुठल्या देशात पंख वाळवत बसला असेल, देव जाणे.

“खोट्या जमिनीसाठी खरं कशाला रडतेस,” काका म्हणाले. “सोमवारी वकिलाकडे यायचंय. वाडीच्या हक्कसोडाची सही.”

तिने डोळे पुसले. “वाडीच्या बदल्यात बिल्डर काय देणार?”

“तळमजल्यावर दोन फ्लॅट.”

“लेखी?”

काकांनी भावाकडे पाहिलं. भावाने पेढ्यांकडे.

“घरच्या सगळ्या पोरींनी सह्या केल्या,” काकांचा आवाज चढला. “रंभाने नाय केली?”

रंभाआत्या उंबऱ्याशी वाल सोलत होती. तिने मान वर केली नाही.

“आत्याने केली, म्हणूनच मी करणार नाही,” क्षितिजा म्हणाली.

“क्षिती, मोठ्यांपुढे असं...”

“सोमवारी नाही, बाबा. कधीच नाही. वकिलाला सांगा, माझ्या वाट्याच्या केळी उभ्याच राहणार.”

वडील पेढ्यावरची माशी हाकलायची विसरले.

एवढं बोलल्यावर ताडकन घराबाहेर पडायचं असतं, हे क्षितिजाला ठाऊक होतं. पण तिच्या चपला काकांच्या खुर्चीखाली, त्यांच्या पायांमागे होत्या, आणि मागायच्या तर पुन्हा काकांशीच बोलावं लागलं असतं. मग ती आत्याशेजारी बसून वाल सोलू लागली. पहिल्या मुठीतले निम्मे तिने चिरडले.