बिनआवाजाचा कीबोर्ड

आधीच सांगून टाकतो, केज तालुक्यात वायरींची जोडाजोड माझ्याइतकी कुणाला कळत नाही! आमचं दुकान भांड्यांचं. पण बाजारपेठेत कुणाचा टेपरेकॉर्डर बंद पडला, कुणाच्या टीव्हीवर मुंग्या आल्या, की लोक मेकॅनिककडे जायच्या आधी माझ्याकडे येतात. माझ्याकडून मग मेकॅनिककडे जातात, तो भाग वेगळा.

तर दोन हजार पाच साली माझ्या धाकट्या बहिणीचं, शिवांजलीचं लग्न ठरलं आणि मी भर जेवणात जाहीर केलं, "लग्नात स्वप्नाली गाणार आणि साथीला मी वाजवणार!"

स्वप्नाली म्हणजे माझी बायको. माहेर पालीचं. कॉलेजात असताना तिनं बीडची गॅदरिंगं गाजवली होती. आमच्या घरात आली आणि तिचं गाणं कुकरच्या शिट्टीखाली दबून गेलं. कुणी बंदी घातली नव्हती हो. पण "गा" असंही कुणी म्हटलं नव्हतं. ती भाकरी थापताना गुणगुणायची आणि पावलांचा आवाज आला की गप्प व्हायची. मला ते फार लागायचं. एकदा तरी चारचौघांनी तिला ऐकावं, आमच्या आईनं ऐकावं, एवढीच माझी इच्छा होती.

आईनं, म्हणजे गंगासागरबाईंनी, हातातला घास ताटातच ठेवला. "घरची सून मांडवात गाणार? लोक काय म्हणतील?"

पण आमचे वडील गुंडप्पा व्यवहारी माणूस. त्यांनी तालुक्याचे पुढारी अर्जुनराव साहेबांना लग्नाला बोलावलं होतं. आमच्या भागात पत्रिकेवर मुहूर्त छापायचा असतो म्हणून छापतात. अक्षता पडतात त्या साहेब आल्यावर. आणि साहेब येईपर्यंत हजारभर माणूस मांडवात बसवून ठेवायचं म्हणजे खायचं काम नाही!

"एक गाणं होऊ दे," आप्पा म्हणाले. "पब्लिक तरी हालणार न्हाई."

स्वप्नालीचा चेहरा असा फुलला की मला पंचपक्वान्न जेवल्यासारखं वाटलं. रात्री ती म्हणाली, "अहो, एकच गाणं हाय. साधी पेटी घ्या ना साथीला."

"पेटी? जमाना कुठं चाललाय आन् तू पेटी धरून बसलीस! कीबोर्ड वाजवणार मी, कीबोर्ड!"

कीबोर्ड होताच घरात. माझा चुलतभाऊ महांतेश पुण्यात कंप्युटर कंपनीत. अमेरिकेला जाताना तो आपला नवाकोरा कीबोर्ड आमच्याकडे टाकून गेला होता. चंदेरी रंग, लाल आकड्यांचा छोटा पडदा, बघत राहावं असा! फक्त त्याला आवाज नव्हता. खराब नव्हता, मुळातच नव्हता. तो म्हणे दुसऱ्याला हुकूम सोडतो, वाजायचं काम दुसऱ्यानं करायचं. मला वाटलं, हा तर आमच्या आप्पांवर गेलाय.

दुसराही मिळाला. अंबाजोगाईचा एक ऑर्केस्ट्रा बंद पडला होता, त्यांच्याकडून मी एक जुना लोखंडी डबा उचलून आणला. त्यात बासरी, व्हायोलिन, सनई, सगळे आवाज भरलेले. पण त्याला पट्ट्याच नाहीत! म्हणजे एकाला हात आहेत, तोंड नाही. दुसऱ्याला तोंड आहे, हात नाहीत. दोघांचं जमवून द्यायचं, की झालं! एक वायर लावायची, त्यात काय मोठं?

डब्याच्या पाठीला दोन गोल सॉकेटं, पाच-पाच भोकांची, एकावर इन लिहिलेलं, दुसऱ्यावर आउट. कीबोर्डच्या पाठीला चौकोनी. मी औरंगाबादहून खास वायर मागवली. तिच्या एका टोकाला दोन गोल पिना, दुसऱ्या टोकाला एक चपटी पिन. गोल पिना डब्यात बसल्या. चपटी पिन चौकोनात काही केल्या जाईना! मी तेल लावलं. मी कानशीनं घासायलाही निघालो होतो. शेवटी सुग्रीवला बोलावलं. सुग्रीव माझा शाळेपासूनचा मित्र, बसस्टँडजवळ कंप्युटर क्लास चालवतो.

त्यानं वायर बघितली आणि कपाळाला हात लावला. "आरं श्रीशैल, ही चपटी पिन कंप्युटरची हाय बे. हे दोघं थेट बोलत न्हाईत. मधी कंप्युटर पायजे."

"कावून? दोघं वाद्यंच हायत की!"

"आसतील. पण तुझं नवं हाय ते नव्या भाषेत बोलतंय, आन् हे जुनं जुन्या भाषेत. दोघांचं ऐकून घेणारा एक मधला माणूस लागतोच."

म्हणजे मध्यस्थाशिवाय इथंही सोयरीक होत नाही! सुग्रीवनं क्लासमधला एक कंप्युटर आमच्या माडीवर आणून बसवला आणि चौकोनी पिनेची वेगळी वायर लावून कीबोर्ड त्याला जोडला. मी इन लिहिलेली पिन इन लिहिलेल्या भोकात घातली. कुणीही तेच करील. कीबोर्डवर बोटं ठेवली. शांतता!

"आरं, ह्याच्या तोंडातून निघालेलं त्याच्या कानात जायला पायजे," सुग्रीव ओरडला. "तू कानाला कान लावून ठिवलास!"

पिना बदलल्या आणि डबा बोलला! पण मी पट्टी दाबली की आवाज जरा दमानं यायचा. मी दाबायचो, वाट बघायचो, मग बासरी. स्वप्नाली माझ्यासाठी थांबायची, मी तिच्यासाठी थांबायचो, आणि गाणं असं रेंगाळायला लागलं की खालून आईनं विचारलं, "कुनी आजारी हाय का वर?"

"मी माहेरी जाऊन परत येईन तवर तुमचा सूर येतोय," स्वप्नाली म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अहो, खरंच सांगते, पेटी घ्या. माझं हे एकदाचंच हाय."

मी म्हणालो, "माझ्यावर विश्वास न्हाई का तुझा?"

यावर बायका काय उत्तर देतात ते सगळ्या नवऱ्यांना ठाऊक आहे. ती खाली भाकरी थापायला निघून गेली. सुग्रीवनं कंप्युटरमध्ये काहीतरी खुडबुड करून उशीर कमी केला आणि मी विजयी चेहऱ्यानं चहा मागवला.

लग्नाचा दिवस उजाडला. दुपारचं ऊन. मांडव खच्चून भरलेला. लाईट गेलेली, जनरेटर धडधडत होता. मुहूर्त जवळ आला होता आणि साहेबांचा पत्ता नव्हता. त्यांचा तेलगावला ऊसवाल्यांचा मेळावा होता आणि सकाळपासून गावात एकच बोलवा, साहेब हेलिकॉप्टरनं येणार, शाळेच्या मैदानावर उतरणार! आप्पांनी मैदानावर पाणी मारून घेतलं होतं. हार, बँड, फेटेवाले, सगळा लवाजमा पहिल्या रांगेत तयार.

आप्पांनी मला खूण केली. "कर सुरू!"

स्वप्नाली माइकसमोर उभी राहिली. मोरपंखी साडी, हातात घट्ट धरलेला रुमाल. नणंदेला सासरी धाडतानाचं गाणं होतं, तिच्या आईनं शिकवलेलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. घाबरू नकोस, मी आहे!

लाल पडद्यावर एक आकडा होता, म्हणजे पियानो. मला बासरी पाहिजे होती, चौऱ्याहत्तर. अधिकचं बटण दाबत दाबत वर जायचं, बस्स. माझं अर्धं लक्ष स्वप्नालीकडे होतं आणि दाबलं गेलं वजाचं. एकाच्या खाली शून्य येईल असं तुम्हाला वाटेल. नाही! तो उलटा फिरून एकदम एकशे अठ्ठावीसवर गेला. मी घाईत पट्टी दाबली.

धाड!

बंदुकीचा बार! हजार माणसं दचकली. नवरदेवाची घोडी दोन पाय वर झाली. एक म्हातारा ओरडला, "आरं, फटाके लांब वाजवा रं, कापडी मांडव हाय!"

मी घाबरून बटण पुन्हा दाबलं. पुन्हा वजाचंच! पट्टीवर बोट पडलं आणि स्पीकरमधून टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. त्या ऐकून मांडवातल्या लोकांनीही टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेनं तर उभं राहून वाजवल्या! स्वप्नालीनं अजून तोंडही उघडलं नव्हतं. ती गोंधळली आणि तिनं सगळ्यांना हात जोडले.

मी आणखी एकदा बटण दाबलं. एकशे सव्वीस. आणि पट्टी.

फट फट फट फट फट फट!

क्षणभर मलाही कळलं नाही. मग आप्पा खुर्चीवरून उडाले. "आले! साहेब आले! चला, चला, चला!"

आणि मांडव उठला! आप्पा पुढं, व्याही मागं, फेटेवाले, हारवाले, बँडवाले. नवरदेवालासुद्धा घोडीसकट ओढून नेला, साहेबांबरोबर फोटो पाहिजे म्हणून. "आप्पा! आप्पा, थांबा! हे माझं हेलिकॉप्टर हाय!" मी ओरडलो. पण माझ्या हेलिकॉप्टरपुढं माझा आवाज कुणाला ऐकू जाणार?

मी पट्टीवरचं बोट उचललं. हेलिकॉप्टर उडतच राहिलं! कंप्युटर गोठला होता. मी कीबोर्डची वायर उपटली. हेलिकॉप्टर चालू. कंप्युटर बंद केला. हेलिकॉप्टर चालू! डब्याला 'वाजव' म्हणून निरोप गेला होता आणि 'थांब' सांगणारा मधला माणूसच आडवा झाला होता. "सुग्रीव!" मी हाक मारली. सुग्रीव कुठला! तोही मैदानाकडे पळाला होता. त्याला ठाऊक होतं की असा आवाज डब्यात आहे, तरीही पळाला!

शेवटी अक्कल सुचली आणि मी डब्याचीच विजेची पिन ओढली. एकदम सामसूम. मांडवात पुरुष म्हणावा तर मी. बाकी बायका, पाटावर नवरी आणि माइकसमोर, रुमालाचा चोळामोळा करून, माझी स्वप्नाली.

तिच्याकडे बघवत नव्हतं मला. इतक्या वर्षांनी मिळालेलं एक गाणं, आणि मी तिच्या समोरून सगळं पब्लिक उठवून लावलं. मी तोंड उघडायच्या आत आई ओरडली, "आरं मुडद्या, बघत काय बसलास? जा, नवरदेव तरी वापस आन! मुहूर्त टळतुया!"

फोन करावा तर आप्पांचा मोबाईल माझ्याच खिशात. मी पळालो. मांडवाच्या दारात पोचलो तेव्हा मागून शिवांजलीचा आवाज आला, "वहिनी, म्हणा ना. आमी हावोत की." आणि मग माइकवर पहिला सूर. नुसता पहिला सूर. तेवढ्यावरच माझे पाय थांबले होते, पण समोर धुळीनं माखलेली एक जीप येऊन उभी राहिली आणि आतून अर्जुनराव साहेब उतरले.

"काय हो, कुठं पळत निघालात?" साहेबांनी विचारलं.

"तुमाला आणायला."

"मी तर आलोय."

"होय साहेब. पण सगळे तुमाला आणायला गेलेत. हेलिकॉप्टरजवळ."

"कुठलं हेलिकॉप्टर? आम्ही तेलगावहून खड्डे मोजत आलो!" साहेब पुढं काही बोलणार होते, पण त्यांचं लक्ष आत गेलं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, चपला काढल्या आणि बायकांच्या मागं, भाताच्या पातेल्याशेजारी सतरंजीवर जाऊन बसले. मला मात्र हातानं खूण केली. जा.

मैदानावर अख्खं गाव माना वर करून उभं होतं. आप्पांच्या हातात हार.

"आप्पा, साहेब मांडवात आलेत!"

"आवाज इथं वर झाला. साहेब मांडवात कसे येतील? हेलिकॉप्टर काय मांडवात उतरंल का?"

"आप्पा, आवाज मांडवातच झाला!"

"उन्हानं डोकं फिरलंय ह्याचं," व्याही म्हणाले. "पानी पाजा कुनीतरी."

मी विनवण्या केल्या. शपथा घेतल्या. कुणी हलेना! तेवढ्यात वर एक घार दिसली आणि बँडवाल्यांनी स्वागताची धूनही वाजवून टाकली. शेवटी मी घोडीचा लगाम धरला आणि नवरदेवाला पळवून आणायला सुरुवात केली, तेव्हा कुठं सगळे माझ्या मागं धावले, मला मारायला.

आम्ही मांडवात पोचलो तर साहेब उभे राहून टाळ्या वाजवत होते. या टाळ्या खऱ्या होत्या. बायका डोळे पुसत होत्या. शिवांजली तर हमसून रडत होती. आणि आमची आई, जिला लोक काय म्हणतील याची चिंता होती, ती स्वप्नालीच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडत होती. "माझ्या लेकरानं आठ वर्सं हे पोटात ठिवलं का गं?"

साहेब आप्पांना म्हणाले, "गुंडप्पा, आजवर इतक्या लग्नांना गेलो. हारांशिवाय, भाषणाशिवाय खाली बसलो तो आज. तीन गाणी ऐकली. तुमची सूनबाई म्हणजे खरंच!"

तीन गाणी! अक्षता वेळेवर पडल्या, जेवणं झाली, शिवांजली सासरी गेली. त्यानंतर आठवडाभर जी बाई दुकानात येईल ती तेच सांगायची. दुसऱ्या गाण्याला म्हाताऱ्या तुळजाबाई कशा रडल्या, तिसऱ्याला मागचे आचारी चुली सोडून झारा हातात धरून कसे उभे राहिले. तपेली बांधता बांधता मी सगळं ऐकलं. नाही ऐकलं ते गाणं. घरात आप्पा आणि मी, आम्ही दोघंच असे, ज्यांनी ते ऐकलं नाही. आणि ते सगळ्यांनी ऐकावं म्हणून सगळ्यात जास्त धडपडलो होतो तो मीच. रडू यायचं हो मला कधीकधी, खरंच.

एका संध्याकाळी आई देवळात गेली होती. मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"स्वप्नाली, मांडवातलं ते गाणं एकदा म्हणशील का? माझ्यासाठी?"

तिनं पीठ भरलेले हात तसेच ठेवले आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग ती हसली.

"म्हणते की. पण आधी तुमी दोन्ही हात खिशात घाला."

मी घातले.