डब्यावरची उडी

वहिनींना त्यांच्या म्हाताऱ्या मनीचा उडी मारतानाचा फोटो हवा होता आणि मनी कूस बदलायलाही तयार नव्हती. भाऊजींची हयात पासपोर्टचे फोटो काढण्यात गेलेली. आयुष्यभर "हलू नका" म्हणून लोकांना दटावणाऱ्या या माणसावर "अगं, हल की गं बाई!" म्हणत मांजरीच्या विनवण्या करायची पाळी आली.

जवस, भोपळ्याच्या बिया आणि कसलाकसला झाडपाला कुटून वहिनींनी म्हाताऱ्या मांजरांसाठी एक भुकटी केली होती. सोफ्यावरून उतरताना मांजरीला दहादा विचार करावा लागू नये, एवढीच त्यांची अपेक्षा. जनावरांच्या डॉक्टरांनी ती तपासून होकार दिला, डबेही भरून झाले. राहिलं होतं फक्त लेबल.

"खोटं काही नको हं भाऊजी," वहिनी म्हणाल्या होत्या. "मनी हलेल तेवढीच दाखवायची."

मनी हललीच नाही. वैतागून भाऊजी खिडकीशी गेले, तर खालच्या मजल्यावरच्या बाईंची मांजर ठकी, तशीच तांबूस, तशीच पांढऱ्या पायांची, भिंतीवरून छपरावर झेपावत होती. सवयीनं कॅमेऱ्याचं बटण दाबलं गेलं. मागे नुसतं आभाळ आणि मधोमध मांजर, फोटो असा आला की विचारू नका.

"वहिनी, ही आपली नव्हे," हे वाक्य त्यांनी मनात तयारही केलं होतं. पण फोटो बघताच वहिनींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अगं बाई! माझी मनी? भाऊजी, माझी मनी उडी मारते?"

भाऊजी कॅमेऱ्याची काच पुसू लागले.

तिथून सगळं हाताबाहेर गेलं. फोटो डब्यांवर चढला. डॉक्टरांनी डबा दवाखान्यात दर्शनी भागात ठेवला. लोक मनीला बघायला घरी येऊ लागले आणि मनी घोरत पडलेली. वहिनी मोठ्या विश्वासानं भाऊजींकडे बघत.

"आत्ताच उडी मारून झोपली," भाऊजी सांगत. आणि पाहुण्यांना लगबगीनं दारापर्यंत पोचवत.

मग एके दिवशी हातात डबा घेऊन खालच्या बाईच वर आल्या. याच बाईंनी शाळेत असताना भाऊजींना कॉपी केली म्हणून बाकावर उभं केलं होतं.

"काय रे, हा फोटो तूच काढलास ना?"

भाऊजी नकळत ताठ उभे राहिले. "हो, बाई."

"कमाल आहे हो या मांजरीची! नाहीतर आमची ठकी. हिच्या निम्म्या वयाची, पण ढिम्म हलत नाही. रोज हा डबा समोर धरते आणि म्हणते, बघ, लाज वाटू दे जरा!"

ठकीला वाटली की नाही कोण जाणे, भाऊजींना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाई, ती तुमचीच ठकी आहे," ते कसंबसं म्हणाले. "मी लबाडी केली."

"काहीतरीच! पलंगावरून उतरायचं तरी ती माझ्या तोंडाकडे बघते."

बाईंना पटलं नाही, पण वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मी जगभर सांगत सुटले होते, भाऊजी," त्या हळूच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं, असं भाऊजींना वाटलं.

बाईंनी चष्मा सारखा केला. "ठकी असो नाहीतर आणखी कुणी. कॉपी केलीस ना?"

"केली, बाई."

"मग सगळे डबे खाली आण. माझ्यासमोर लेबलं काढायची."

डॉक्टरांकडचे डबेही परत आले. बाईंच्या खोलीत जमिनीवर बसून, कोमट पाण्यात फडकं बुडवून भाऊजी लेबलं खरवडू लागले. शेजारी वहिनी त्यांच्याकडे न बघता डबे पुसत होत्या. नव्या लेबलावर झोपलेली मनीच छापायची, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं.

"ठकी बिचारी पलंगाखाली पडली असेल," खुर्चीतून बाई म्हणाल्या.

भाऊजींनी मान वर केली. बाईंच्या पाठीमागे ठकी खिडकीतून आली आणि थेट कपाटाच्या माथ्यावर झेपावली. अगदी लेबलावर होती तश्शी. भाऊजींनी उत्साहानं बोट वर केलं, तोच वहिनींनी त्यांचा हात खाली ओढला. त्यांनीही पाहिलं होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या ओठांवर हसू आलं होतं.

"गप्प बसा," त्या कुजबुजल्या. "तुमचं कोण खरं मानणार आहे आता?"

भाऊजींनी मान खाली घातली आणि पुढचा डबा ओढला.