सरासरी चोवीस अंश

माणसाचे सुख तापमानावर नव्हे, तर तापमानाच्या सरासरीवर अवलंबून असते. हे सत्य आमच्या कार्यालयाने अकरा जणांची समिती नेमून शोधून काढले आणि त्या समितीचा सचिव म्हणून मला त्याचा रास्त अभिमान आहे.

आमची इमारत जुनी आहे. गच्चीवरच्या यंत्रातली गरम हवा पत्र्याच्या नळ्यांमधून तिन्ही मजल्यांना सारखी मिळावी, अशी मूळ योजना होती. ऐन थंडीत मोजणी केली तेव्हा वरच्या मजल्यावर एकोणचाळीस अंश निघाले, मधल्यावर चोवीस आणि तळघरात नऊ. (प्रत्येक ठिकाणी तीनदा मोजायचे ठरले होते. तळघरात दोनदाच मोजले. तिसऱ्यांदा खाली उतरायला कोणी तयार होईना.) बेरीज करून तिनाने भागले, तर बरोबर चोवीस. चोवीस अंश हे कार्यालयीन कामासाठी सर्वोत्तम तापमान, असे आमच्या नियमपुस्तकात छापलेलेच आहे. म्हणजे इमारत निर्दोष होती. दोष असलाच तर दिवसभर एकाच मजल्यावर बसून राहण्याच्या कर्मचाऱ्यांच्या हट्टात होता.

अहवालात आम्ही काही आकडेही दिले. वरच्या मजल्यावर कामाच्या वेळेत डुलक्या घेणारे बासष्ट टक्के, तळघरात शून्य. मधल्या मजल्यावरून आलेल्या तक्रारी, शून्य. (समितीचे अकराही सदस्य मधल्या मजल्यावर बसतात. हा निव्वळ योगायोग.)

तळघरात दप्तरखाना आहे आणि दप्तरखान्यात एकतीस वर्षे आक्का आहेत. दोन शाली, एक कानटोपी आणि बोटांची टोके कापलेले हातमोजे हा त्यांचा गणवेश. थंडीने त्यांची बोटे आखडतात. आणखी एक हिवाळा असा काढलात तर उजव्या हाताची दोन बोटे पुन्हा सरळ व्हायची नाहीत, असे डॉक्टरांनी बजावले होते. आक्कांनी हे समितीला लेखी कळवले. अक्षर लागत नसल्यामुळे अर्ज परत गेला.

रीतीप्रमाणे मिस्त्रीलाही बोलावले होते. त्याने तळघरातल्या नळीत हात घातला आणि म्हणाला, "यात कागदांचे गठ्ठे कोंबलेत. ते काढा, दहा मिनिटांत ऊब येते."

अडाणी माणूस. ती काही रद्दी नव्हती. तापमानाच्या प्रश्नावर आधी नेमलेल्या सहा समित्यांचे ते अहवाल होते. कपाटे भरल्यामुळे ते नळीत ठेवण्याची शिफारस चौथ्या समितीने केली होती आणि तेव्हापासून ती नळी नोंदवहीत 'कप्पा क्रमांक सतरा' आहे. कप्प्यातला कागद हलवायचा तर दप्तरखान्याच्या प्रमुखाची, म्हणजे आक्कांची, सही लागते आणि ती नोंदवहीतल्या नमुन्याशी जुळावी लागते. नमुना एकतीस वर्षांपूर्वीचा, भर उन्हाळ्यातला.

आक्कांनी सही केली. जुळली नाही. पुन्हा केली. सातवी सही भिंगाखाली धरून तपासनीस म्हणाले, "आक्का, हे कोंबडीचे पाय कुणाचे?"

"माझेच म्हणा," आक्का म्हणाल्या, "पण तेवढे गठ्ठे हलवा हो."

तपासनिसांनी भावनेला बळी पडायचे नाकारले. नमुनाच नवा घ्यावा, असे एका सदस्याने सुचवले. पण नवा नमुना द्यायच्या अर्जावर जुन्या नमुन्याशी जुळणारी सही लागते. तरी आम्ही हातावर हात ठेवून बसलो नाही. आक्कांना वरच्या मजल्यावर नेऊन सही घेण्याचा ठराव एकमताने झाला. एकोणचाळीस अंशांत बोटे छान सैल झाली, सहीही उमटली आणि कपाळावरून टपकलेल्या घामाने शाई पसरली. (सही सुंदर होती, असे माझे वैयक्तिक मत आहे. ते इतिवृत्तात नाही.) घामाने न पसरणारी शाई मागवली आहे.

मिस्त्री आठवडाभर विचारायला येत होता. शेवटी म्हणाला, "तुमचं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी," आणि यायचा बंद झाला.

मग हिवाळा संपला. तळघराचे तापमान आपोआप अकरा अंशांनी वाढले आणि समितीने त्याचे श्रेय नम्रपणे स्वीकारले.

त्याच आठवड्यात आक्का दप्तरखान्याच्या किल्ल्या द्यायला माझ्याकडे आल्या. मुदतीआधीच निवृत्ती घेतली होती. किल्ल्या डाव्या हातात होत्या. उजव्याची दोन बोटे तळव्याशी मिटलेली होती, ती आता तशीच राहणार. माझ्यासमोरच्या खुर्चीवर त्या जरा टेकल्या.

"किती छान हवा आहे हो तुमच्याकडे," त्या म्हणाल्या. "इथे पाच मिनिटं बसून केली असती, तर पहिल्या झटक्यात जुळली असती सही."

"मग बोलला का नाहीत, आक्का?"

"मला वाटलं, तुम्ही बोलवाल."

मला वाईट वाटले. खरोखरच वाटले. अकरा शिकलेल्या माणसांना खाली जाणे सुचले, वर जाणे सुचले, शाई मागवणे सुचले. आपली खुर्ची पाच मिनिटे द्यावी, हे एकालाही सुचले नाही. पण आम्हाला निदान अहवाल लिहायचा होता. वाचकहो, तुम्हाला तर काहीच काम नव्हते. मधल्या मजल्यावर चोवीस अंश असतात, हे तुम्हालाही ठाऊक होते आणि सातवी सही वाया गेली तेव्हा तुम्ही हसत होता. समितीत बारावी जागा मंजूर झाली आहे. तुमचे नाव मी कळवले आहे.