ज्याचा त्याचा पूल

एका जंगलात ओढ्याकाठी एक शाळा होती, बाळांनो. नीट मांडी घालून बसा, म्हणजे सांगतो.

शाळेत एकच बाई होत्या. आडनाव घोरपडे, आणि होत्याही घोरपडच. एखादी गोष्ट धरली की सोडायच्या नाहीत. त्या दिवसांत त्यांनी पुलाची काळजी धरली होती.

पूल म्हणजे ओढ्यावर आडवा टाकलेला ओंडका. मुलं त्यावरून शाळेत यायची. पण तो आतून पार कुजला होता. एकदा भालेराव अस्वलाची धाकटी, गुबी, त्यावरून घसरून पाण्यात पडली. बाईंनी तिला कानाला धरून बाहेर काढलं. गुबी लगेच खेळायला गेली. बाई मात्र कितीतरी वेळ त्या ओंडक्याकडे बघत बसल्या.

म्हणून त्यांनी पालकसभा बोलावली. विषय एकच. सगळ्यांनी मिळून नवा ओंडका टाकायचा. मोठी जनावरं आहेत, तासाभराचं काम, असं बाईंना वाटलं. बाई तशा भोळ्याच.

सभेला भालेराव पहिले आले आणि पुढच्या दगडावर बसले. मागून कोल्हेसाहेब आले.

"उठा. ही आमच्या शेपूची जागा आहे."

"नाव लिहिलंय का?"

"बाई, हे बघा ना, उठतच नाहीत."

बाईंनी दोघांना अर्धा अर्धा दगड दिला. मग कोणाचं ढुंगण रेघेपलीकडे गेलं, यावर जुंपली.

"पुलाचं असं आहे…" बाई म्हणाल्या.

"पूल राहू द्या," मोरेवहिनी म्हणाल्या. या लांडोर होत्या, आणि मानेपासून फुगल्या होत्या. "आमच्या तुऱ्याला गॅदरिंगमध्ये झाड केलंय. आणि कोल्ह्यांचा शेपू राजा. का?"

"राजा असून काय उपयोग," कोल्हेसाहेब म्हणाले. "निबंधात त्याचे मार्क कापलेत. रात्रभर जागून लिहिला होता मी."

ऊन कलायला आलं. बाईंना पाण्यात गटांगळ्या खाणारी गुबी दिसायला लागली. शेवटी त्या म्हणाल्या, "जे पालक ओंडका आणतील, त्यांच्या मुलाच्या कपाळावर मी चुन्याची चांदणी काढीन."

सभा क्षणात रिकामी झाली. बाईंना फार आनंद झाला. तो जेमतेम दोन ओळी टिकणार आहे, बाळांनो, तेव्हा त्यांना तो घेऊ द्या.

कोल्हेसाहेबांनी पहिला ओंडका आणून टाकला.

"छान," बाई म्हणाल्या. "आता सगळी मुलं यावरून…"

"सगळी कशी? हा शेपूचा पूल आहे."

भालेरावांनी शेजारी दुप्पट जाड ओंडका टाकला. मोरेवहिनींनी आपल्या ओंडक्याला कठडा लावला, कठड्याला फुलं लावली. मग ससे आले, साळिंदरं आली, रानडुकरं तर सहकुटुंब आली. काठावरची झाडं संपली, तशी त्यांनी शाळेवर सावली धरणारी चिंचही पाडली. प्रत्येक जण आपापल्या पुलाच्या तोंडाशी पहारा देत उभा राहिला.

शेपूने गुबीला आपल्या पुलावर बोलावलं. कोल्हेसाहेबांनी दोघांनाही हाकललं. दोघं टेकडीवर जाऊन बसली. हळूहळू बाकीची मुलंही तिथेच जमली.

"तुझे बाबा नेहमी असेच?" गुबीने विचारलं.

"नाही गं. घरी बरे असतात."

आता इतके ओंडके पडल्यावर ओढ्याने जायचं कुठून? तो शाळेत शिरला. आधी दगड बुडाले, मग फळा. बाई उरलेल्या एकुलत्या उंबरावर चढल्या आणि त्यांनी मुलं मोजली. सगळी टेकडीवर होती, कोरडी होती. पुष्कळ दिवसांनी त्यांचा जीव भांड्यात पडला.

खाली पालक कमरेएवढ्या पाण्यात उभे होते.

"बाई, चांदणी कधी काढणार?"

"बाई, यांनी मुद्दाम माझ्यावर पाणी उडवलं."

टेकडीवरून गुबीने हाक मारली. "बाई, उद्या शाळा आहे का?"

"पाणी ओसरेपर्यंत नाही."

"ते कधी ओसरणार?"

"तुमच्या आईबाबांनी ओंडके काढले की."

सगळ्या मुलांनी खाली पाहिलं.

"आधी तुमचा काढा," भालेराव म्हणत होते.

"मी का? तुम्ही आधी."

मुलांनी दप्तरं तिथेच ठेवली आणि ती टेकडीपलीकडे सूरपारंब्या खेळायला गेली.

तात्पर्य : मुलांनो, सुट्टी हवी असेल तर पोट दुखल्याचं सोंग करू नये. खोटं बोलणं वाईट. त्यापेक्षा आईवडिलांना शाळेत पाठवावं.