तिसऱ्या मजल्यावरचं मस्कत

तांबे मस्कतला जाण्याआधी एक महिना मस्कतमध्ये राहून आले. कुठे म्हणाल, तर आमच्याच बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या खोलीत. खोली माझ्या मेहुण्याची. तो बदलीवर नागपूरला, किल्ली माझ्याकडे. म्हणजे या वेडेपणाला माझाही हातभार लागला, आणि ते मला आजही सलतं.

मधुकर तांबे तळमजल्यावर राहायचे. मानपाड्याकडच्या एका केमिकल कंपनीत फिटर होते. कंपनीला टाळं लागून आठ महिने झालेले, देणी मिळायची चिन्हं नव्हती, आणि अशात त्यांना मस्कतच्या नोकरीचा कागद आला. दोन वर्षांचा करार, बायकामुलांना न्यायची परवानगी नाही. दुसरा कुणी असता तर सही करून मोकळा झाला असता, नाहीतर कागद फाडून. तांब्यांनी फुलस्केपचे चार कागद खळीनं एकमेकांना चिकटवले आणि त्यावर दोन रकाने आखले. डावीकडे 'इकडे', उजवीकडे 'तिकडे'.

तेव्हापासून त्यांना भेटणं म्हणजे जबानी देणं झालं. मी शाळेतून येताना भाजी आणली की जिन्यात अडवायचे. "मास्तर, भेंडी काय भावानं दिली?" मी सांगायचो. मग पिशवीतली एक भेंडी काढून तिचं टोक मोडून बघायचे, ती कोवळी निघाली तरच भाव लिहून घ्यायचे. जून भेंडीचा भाव धरला तर हिशेब चुकेल, असं त्यांचं म्हणणं. 'तिकडे'चे भाव मिळवायला कल्याणला जायचे. तिथं एक इलेक्ट्रिशियन मस्कतहून सुट्टीवर आलेला. सलग तीन रविवार त्यांनी त्याला गाठलं. चौथ्या रविवारी त्याच्या आईनं दारातूनच सांगितलं की तो परत गेला.

"गेला कसला," तांबे मला म्हणाले, "मी गेलेलो तेव्हा आतून खोकत होता. पण केस कापायचा दर राहिला ना विचारायचा. रकाना भरला पाहिजे."

'रकाना भरला पाहिजे' हे त्यांचं पालुपद. नारळ, रॉकेल, चपलेचा अंगठा शिवून घेणं, आजारी पडल्यावर डॉक्टर, सगळ्याला रकाना. पाण्यापुढे 'इकडे पाऊण तास, तोही पहाटे. तिकडे दिवसभर' असं लिहिलेलं. हवेपुढे 'इकडे कंपन्यांचा वास. तिकडे उकाडा, पण वास नाही.' ती यादी वाचताना हसू यायचं, आणि हसताना लाजही वाटायची. कारण रिकाम्या हातांनी घरात बसलेला माणूस दुसरं करणार तरी काय होता?

शेवटी एकच ओळ अर्धी राहिली. 'घरातली माणसं.' इकडे 'दोन'. तिकडे कोरं.

"शून्य लिहा की," मी वैतागून म्हटलं.

"शून्य लिहिता मलाही येतं, मास्तर. पण ते जमतं का, हे कुणाला विचारून कळणार? ते राहूनच बघायला लागेल." मग आवाज उतरवून म्हणाले, "तुमच्या मेहुण्याची खोली बंदच असते ना?"

अशा रीतीनं तांबे मस्कतला गेले. एक वळकटी, एक स्टोव्ह, भिंतीवरची बुद्धाची छोटी तसबीर आणि माझ्या घरातलं एक स्टूल, एवढं सामान. नियम त्यांनीच केलेले. महिनाभर तळमजल्यावर पाऊल टाकायचं नाही. सुमनवहिनींनी वर यायचं नाही. जिन्यात भेट झाली तर ओळख द्यायची नाही. आठवड्याला एक पत्र, तेही पोस्टातून.

पहिलं पत्र तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर यायला पाच दिवस लागले. तांब्यांना त्याचा कोण आनंद. "तिकडून दहा लागतात म्हणे. निम्म्यावर आलं." पत्रात त्यांनी आपण खुशाल असल्याचं आणि हवा मानवल्याचं कळवलं होतं. वहिनींनी उलट टपाली कळवलं की गॅस संपलाय, नंबर लावलाय, सिलिंडर नाक्यावरून आणायला माणूस नाही. पत्र वाचून तांबे माझ्या दारात आले. चेहरा पडलेला.

"मग जा आणि आणा," मी म्हटलं. "सोळा पायऱ्या गुणिले तीन."

"मस्कतहून कसा आणू?"

तो सिलिंडर मी सायकलला बांधून आणला, दोन दिवस कंबर धरून शाळेत गेलो, आणि तांब्यांना मनातल्या मनात जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. वहिनींनी मात्र एका शब्दानं कुरकुर केली नाही. "त्यांना कळू दे, भावजी," एवढंच म्हणाल्या. "आणि आम्हालाही."

खरा प्रश्न होता रंजूचा. तांब्यांची ही मुलगी चार वर्षांची. तिला सांगितलेलं की पप्पा मस्कतला गेलेत, दिसले तरी बोलायचं नाही. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी ती गळ्यात पडेल आणि हे नाटक संपेल. पण पोर विलक्षण निघाली. रोज संध्याकाळी आपली भातुकली घेऊन आमच्या मजल्यावर यायची आणि त्या बंद दारासमोर, मोकळ्या जागेत मांडून बसायची. बोळक्यांशी बोलायची, दाराशी नाही. तांबे बाहेरून आले तर मान खाली घालून भात ढवळत राहायची. ते तिला वळसा घालून आत जायचे आणि कडी लावायचे. मला ते बघवायचं नाही. मी आमच्या हिला म्हटलंसुद्धा की या घरात सगळेच दगड आहेत.

"संध्याकाळभर आत करता काय?" मी एकदा तांब्यांना विचारलं.

"गॅलरीत बसतो. वारा छान येतो," ते म्हणाले. त्यांचे गाल बसले होते आणि दाढी वाढली होती.

तिसाव्या दिवशी त्यांनी किल्ली आणून दिली. सोबत तो कागद होता. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'जमेल.'

"जमलं का तुम्हाला?"

"मला नाही जमलं, मास्तर." ते खाली बघत होते. "पहिल्या रात्रीपासून नाही जमलं. पण त्या दोघींना जमलं. पोरगी तर बघतसुद्धा नव्हती माझ्याकडे. लहान आहे, विसरेल. मग मी जायला काय हरकत आहे?" आणि हे सांगताना त्यांना रडू आवरेना. मी त्यांना पाणी दिलं.

पुढच्या महिन्यात ते खरोखरच गेले. वहिनी सांताक्रूझच्या विमानतळापर्यंत पोचवायला गेल्या, रंजू आमच्याकडे होती. ती रडली नाही, की कुठे गेले म्हणून विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भातुकली घेऊन वर आली आणि त्याच दारासमोर बसली. रोज येऊ लागली. आठव्या दिवशी मी शाळेतून आलो तर बोळकी तशीच पडलेली आणि ही दोन्ही मुठींनी दार वाजवतेय. मस्कत म्हणजे काय, हे या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही जे दाखवलं होतं तेच तिला ठाऊक होतं.

मी भूगोल शिकवतो. नकाशा काढून समुद्र दाखवावा असं एकदा मनात आलं. पण मी किल्ली आणली आणि दार उघडलं. तांब्यांनंतर ते उघडलंच नव्हतं. रंजू आत गेली. खोली बघितली, मोरी बघितली, गॅलरीत डोकावली. गॅलरीत बसायला काहीच नव्हतं, जमिनीवर बोटभर धूळ होती. माझं स्टूल दाराच्या आत, अगदी दाराला खेटून ठेवलेलं होतं. त्याच्या शेजारी भिंतीवर, डोकं टेकून टेकून तेलाचा डाग पडला होता.

रंजू बाहेर आली. "दार लावा," म्हणाली. मी लावलं. ती फरशीवर पालथी पडली आणि गाल जमिनीला लावून दाराखालून बघू लागली. बिल्डरनं आमची सगळीच दारं दोन बोटं आखूड बसवलीत.

"काय बघतेस गं?"

"पप्पांचे पाय," ती म्हणाली. "रोज असतात. बोलायचं नाही असं सांगितलंय, बघायचं नाही असं नाही सांगितलं."

त्या माणसाला एवढंच कळायला हवं होतं, आणि ते न कळता तो समुद्रापलीकडे गेला होता. रंजू उठून बसली, माझ्याकडे बघून तिनं काहीतरी ठरवलं आणि म्हणाली, "काका, तुम्ही आत जाऊन बसा."

मी आत गेलो, दार लावून घेतलं आणि स्टुलावर बसलो. बाहेर बोळकी वाजली, मग थांबली.

"काका, चपला काढा," दाराखालून आवाज आला. "पप्पा घालत नाहीत."

मी चपला काढून बाजूला सारल्या आणि पाय फटीजवळ सरकवून बसून राहिलो.