डिस्चार्जर निवडताना घ्यावयाची काळजी

माणसाला वीज साठवता येऊ लागली त्याला दोनशे वर्षं होऊन गेली. साठवलेली वीज काढून कशी टाकावी, याविषयी मात्र अद्याप एकमत होऊ शकलेलं नाही. निदान नगरच्या सावेडी भागात तरी नाही.

'नगर जिल्हा रेडिओ-नियंत्रित मोटार क्रीडा मंडळ' ही सात जणांची संस्था. हातभर लांबीच्या गाड्या एमआयडीसीतल्या एका रिकाम्या प्लॉटवर रिमोटने पळवणे, हा मंडळाचा उद्देश. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव, सहसचिव आणि खजिनदार ही सहा पदं रीतसर भरलेली आहेत. उरलेला सातवा, श्रीमंत, हा सर्वसाधारण सभासद. (सर्वसाधारण सभा भरवायची तर एखादा तरी सर्वसाधारण सभासद लागतोच.) धनश्री ही त्याची बायको आणि आठ महिन्यांच्या रेवाची आई. शिक्षण बी.एस्सी., विषय रसायनशास्त्र. यातली शेवटची बाब मंडळाच्या लक्षात जरा उशिरा आली.

या गाड्यांच्या बॅटऱ्यांचा स्वभाव नाजूक असतो. पूर्ण भरायची ती शर्यतीच्या दिवशीच. शर्यत झाली नाही तर निम्मी उतरवून ठेवायची. तशीच भरलेली महिनोन्महिने पडून राहिली तर ती फुगते आणि क्वचित पेटही घेते. (धनश्रीच्या शब्दकोशात 'क्वचित' या शब्दाचा अर्थ 'आपल्याच घरी' असा दिलेला आहे.)

दिवाळीच्या आधीच्या रविवारी सोळा बॅटऱ्या काठोकाठ भरून मंडळ प्लॉटवर गेलं आणि पावसाने शर्यत बुडाली. आता या सोळा उतरवायच्या कशा? तशी प्रत्येकाच्या चार्जरमध्ये उतरवण्याचीही सोय असते, पण तो एका बॅटरीला चार तास घेतो. वेगाच्या खेळात इतका संथपणा शोभत नाही, असं अध्यक्ष राधाकृष्ण सरांचं मत पडलं. तेव्हा त्याच बैठकीत तीन ठराव झाले. एक, मंडळाने खास डिस्चार्जर घ्यावा. दोन, तो येईपर्यंत शर्यती बंद ठेवाव्यात. तीन, तोवर सगळ्या बॅटऱ्या थंड जागी ठेवाव्यात. सातही घरांत थर्मामीटर फिरला आणि सर्वांत थंड जागा म्हणून श्रीमंतच्या घरातली उत्तरेकडची खोली बहुमताने विजयी झाली. त्या खोलीत रेवाचा पाळणा होता. ही बाब कामकाजात नोंदवली गेली नाही, कारण थर्मामीटरला ती कळत नाही.

बॅटऱ्यांचा पत्र्याचा डबा तिथल्या भिंतीतल्या कपाटात बसला. पाळण्यापासून साडेचार फूट. (श्रीमंतने मोजलं तेव्हा साडेपाच भरलं, त्याने टेप तिरकी धरली होती.)

यानंतर निवड सुरू झाली, आणि ती किती बारकाईने झाली याचं कौतुक करावं तेवढं थोडं आहे. मंडळात दोन विचारधारा तयार झाल्या. दिवेवाद्यांचं म्हणणं असं, की फळीवर स्कूटरचे चार बल्ब बसवावेत. बॅटरी बल्ब पेटवत पेटवत उतरेल, शिवाय उजेड पडेल. पंखावाद्यांचं म्हणणं, बल्बला थांबायचं कधी ते कळत नाही, बॅटरी पार मरेपर्यंत तो जळत राहतो. त्यापेक्षा आतून पंखा असलेलं, वेळेवर आपोआप थांबणारं यंत्र घ्यावं. सचिव परवेझने एकोणीस निकषांचा तक्ता केला. त्यात वजन, आवाज, रंग, पंख्याची दिशा आणि 'दिसायला भारदस्त आहे का' हे निकष होते. लवकर मिळेल का, हा नव्हता. एक शिष्टमंडळ पुण्याला जाऊन आलं. दुकान त्या दिवशी बंद होतं, त्यामुळे यंत्राची पाहणी शटरच्या बाहेरून करण्यात आली. अहवाल समाधानकारक आहे.

मतदान तीनदा झालं. तिन्ही वेळा तीन विरुद्ध तीन. निर्णायक मत सर्वसाधारण सभासदाचं. श्रीमंत हा कुणाचंच मन न मोडणारा माणूस. तिन्ही वेळा तो "बघू" म्हणाला, आणि तिन्ही वेळा ते मत दोन्ही बाजूंनी आपल्यात मोजलं.

"तू एकदा बोट वर कर," धनश्री म्हणायची. "दिवा तर दिवा, पंखा तर पंखा."

"अगं, सर दिव्याच्या बाजूने आहेत आणि परवेझ पंख्याच्या. दोघंही माझ्या लग्नात पंगतीत वाढायला होते."

महाशिवरात्र उलटली, ऊन चढलं. धनश्रीचा धीर संपला आणि तिने पाळणा उचलून पुढच्या खोलीत आणला. पुढच्या खोलीवर दुपारभर पत्रा तापतो. उत्तरेच्या खोलीतला कूलर मात्र हलवता येईना, कारण ठराव क्रमांक तीन. अशा रीतीने घरातली व्यवस्था पुढीलप्रमाणे स्थिर झाली: कूलर बॅटऱ्यांना, घामोळं रेवाला.

तिसगावहून सासूबाई आल्या, पुष्पावतीबाई. नातीच्या मानेवर हात फिरवून त्यांनी आधी सुनेकडे पाहिलं, मग कपाटाकडे.

"त्या डब्यात काय हाय म्हनायचं? सोनं?"

"बॅटऱ्या आहेत, आई. भरलेल्या. त्या उतरवायचं यंत्र ठरतंय."

"म्हंजी लाईट जाळून भरल्या, आन् आता लाईट न्हाईशी करायला येगळं यंत्र? मंग भरल्याच कशापायी?"

"शर्यतीसाठी."

"मंग शर्यत का न्हाई?"

"यंत्र नाही म्हणून."

पुष्पावतीबाईंनी पदराने नातीला वारा घालायला घेतला. "लई शिकलेली मानसं हायती," एवढंच त्या म्हणाल्या.

रोज सकाळी रेवाचं पोट आणि बॅटऱ्यांची पोटं दाबून बघायची, हा धनश्रीचा नेम. एका शनिवारी सातव्या बॅटरीचं पोट बोटाला वर लागलं. भाकरी फुगली की घरात कौतुक होतं. बॅटरी फुगल्यावर काय करायचं ते माहीत असणारी घरात ती एकटीच होती. तिने घमेल्यात वाळू भरली, बॅटरी तीत पुरली आणि घमेलं अंगणात, घरापासून लांब नेऊन ठेवलं. मग रेवाला उचलून तिचं पोट पुन्हा दोनदा दाबून पाहिलं. रेवाला ती गंमत वाटली.

दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक श्रीमंतकडेच होती. येणाऱ्या प्रत्येकाने घमेलं पाहिलं आणि त्याच्या शेजारी चपला काढल्या.

"वहिनी, ही कुणाची फुगली?" परवेझने काळजीने विचारलं. (त्याची नव्हती. काळजी संपली.)

राधाकृष्ण सर गंभीर झाले. "यावरून डिस्चार्जरची निकड सिद्ध होते. आणि इतकी निकड असताना घाईने निवड करणं बेजबाबदारपणाचं ठरेल. मी पोटसमिती सुचवतो."

चहाचा ट्रे ठेवता ठेवता धनश्री म्हणाली, "सर, मला मंडळाचं सभासद व्हायचंय."

आनंद झाला. महिला सभासद नसल्याची खंत मंडळाला होतीच. टाळ्यांच्या गजरात ती आठवी सभासद झाली.

"मग माझा पहिला ठराव. साडेचार महिने हा मान आमच्या घराला मिळाला. तो फिरता असावा. आजपासून डबा अध्यक्षांच्या बेडरूममध्ये. तिथे एसी आहे."

सरांचा कप बशीवर जरा जोरात टेकला. "तसं काही नाही वहिनी, पण आमच्याकडे नातू आलाय."

"मग उपाध्यक्षांकडे."

उपाध्यक्षांच्या सासूबाईंना दमा होता. कार्याध्यक्षांकडे गॅसची जास्तीची टाकी होती. सहसचिवांचं घर भाड्याचं होतं आणि मालक तापट. खजिनदार जामखेडला राहत आणि रस्त्याला खड्डे फार. परवेझ म्हणाला, "वहिनी, आमच्या अम्मीला नुसता फटाका वाजला तरी चक्कर येते."

"म्हणजे सगळ्यांच्या घरात माणसं आहेत," धनश्री म्हणाली. "मला वाटलं आमच्याच."

आतून पुष्पावतीबाई पुठ्ठ्याने वारा घालत असल्याचा आवाज येत होता. मग सर्वसाधारण सभासदाने बोट वर केलं. तीन बैठकांत न दिसलेलं ते बोट बघून सभा चकित झाली.

"दिवा नको, पंखा नको," श्रीमंत म्हणाला. "आपापले चार्जर आणा. आत्ता."

ठराव अकरा मिनिटांत मंजूर झाला. सात संथ चार्जर अंगणातल्या कडुनिंबाखाली ओळीने बसले, आणि वेगाच्या खेळातली सात माणसं त्यांच्याकडे बघत बसली. मध्यरात्रीपर्यंत पंधराच्या पंधरा बॅटऱ्या निम्म्या उतरल्या. फुगलेल्या एकीची वासलात धनश्रीने पुस्तकात दिल्याप्रमाणे, कुणालाही न विचारता लावली. पाळणा कूलरसमोर परत गेला. मंडळाने मात्र मूळ हेतू सोडलेला नाही. डिस्चार्जरची निवड पूर्वीच्याच बारकाईने चालू आहे, आणि पुढच्या शर्यतीसाठी बॅटऱ्या पुन्हा भरायला घेतल्या आहेत.

धनश्रीकडे आता 'साठवण प्रमुख' हे नवं पद आहे. डबा कुणाकडे ठेवायचा हे तीच ठरवते, आणि मंडळाबाहेरची घरंही चालतील अशी तिने परवानगी काढलेली आहे. हे वाचताना ज्यांना ज्यांना ही बाई जरा जास्तच घाबरट आहे असं वाटलं, त्यांची नावं तिने यादीत सर्वांत वर लिहून ठेवली आहेत. डबा सोमवारी पोचेल. घरी थांबावं.